विक्रीची वही मोबाईलवर घेताना

चांगला माल कसा तयार करावा हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. गाडे अडते ते विक्रीपाशी. आज अनेक घरांतून गूळ, हळद, पापड, शेवया, घाण्याचे तेल थेट शहरातल्या गिऱ्हाइकाकडे जाते. सुरुवातीला सारे तोंडी हिशेबावर निभते. गिऱ्हाईक वाढले की घोळ सुरू होतो. मागणी मुलाच्या व्हॉट्सॲपवर, पैसे वडिलांच्या खात्यात, उधारी सासूबाईंच्या वहीत, आणि माल किती शिल्लक आहे हे फक्त सूनबाईंना ठाऊक! त्या चार दिवस माहेरी गेल्या, तर पुण्याच्या गिऱ्हाइकाला 'गूळ मिळेल का' याचे उत्तर द्यायलाही घरात कोणी नसते.

हा सारा कारभार एका ठिकाणी आणणारी सॉफ्टवेअर आता मिळतात. गिऱ्हाइकाची नोंद, बिल, साठा, उधारी आणि निरोप ही पाचही कामे एकमेकांशी जोडलेली असणे, हे त्यांचे वैशिष्ट्य. कोल्हापूरकडच्या एखाद्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. एक किलोच्या दहा रव्यांचे बिल केले की साठ्यातून दहा रवे आपोआप वजा व्हावेत, बाकी त्या गिऱ्हाइकाच्या नावावर चढावी, आणि पुढच्या हंगामात 'गेल्या संक्रांतीला गूळ नेला, यंदा मागणी नाही' अशांची यादी एका क्षणात हाती यावी. वहीतून अशी यादी काढायला दोन रात्री जागावे लागेल.

आधी आपले काम कागदावर मांडा

कोणी दुकानदार किंवा एजंट सांगतो म्हणून घाईने काही घेऊ नका. पंधरा दिवस एका कागदावर लिहीत जा: चौकशी कोठून आली, भाव कोणी सांगितला, पैसे कधी आले, पार्सल कधी गेले, कोठे चूक झाली. उधारी बुडत असेल तर उधारीची आठवण देणारी सोय आधी पाहा. जुने गिऱ्हाईक परत येत नसेल तर याद्या व निरोप नीट हवेत.

गिऱ्हाईक पन्नासच्या आत असेल तर पैसे खर्च करण्याची गरजच नाही. २०१८ साली आलेले व्हॉट्सॲप बिझनेस हे फुकट ॲप आणि एक नीट वही पुरते. त्यात मालाची चित्रे व भाव लावता येतात. मात्र तेथून एकदम अनेकांना पाठवलेला निरोप, ज्यांनी आपला नंबर साठवून ठेवला आहे त्यांनाच पोचतो, हे ध्यानात ठेवा.

विचारायचे प्रश्न

पसारा मोठा असेल तर चेन्नईच्या झोहोचे बिगिन, मुंबईत तयार झालेले ईआरपीनेक्स्ट अशी नावे कानावर येतील. बंगळूरचे टॅली मुख्यतः हिशेबाचे. नाव कोणतेही असो, पुढील प्रश्न विचारूनच पुढे जा.

१. मराठीत नोंद करता येते का? घरातील सर्वांना वापरता आले पाहिजे.

२. रेंज गेली तर बिल होते का? वीज आणि रेंज दोन्ही गावात लहरी!

३. दोन-तीन फोनवर एकच वही दिसते का? आणि फोन विहिरीत पडला तरी नोंदी शाबूत राहतात का?

४. दर माणशी दरमहा किती? समजा माणशी ३०० रुपये आहेत आणि वापरणारे दोघे. वर्षाचे ७,२०० रुपये झाले. किलोमागे १२ रुपये सुटत असतील, तर हा ६०० किलो गुळाचा नफा. तेवढी विक्री वाढेल का, किंवा तेवढी उधारी वाचेल का, हे स्वतःशी ठरवा.

५. उद्या सोडायचे ठरले तर आपली सारी यादी एक्सेलमध्ये काढून मिळते का? नाही म्हणाले तर नमस्कार करून उठावे. गिऱ्हाइकांची यादी ही आपली कमाई आहे.

६. जीएसटीचे बिल होते का? महाराष्ट्रात केवळ माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत नोंदणीतून सूट आहे. परंतु करपात्र माल परराज्यात विकायचा असेल तर ही सूट सहसा लागू होत नाही. बेळगावला पार्सल धाडण्यापूर्वी कर सल्लागाराला विचारा.

महिनाभर पारखून घ्या

बहुतेक कंपन्या काही दिवस फुकट वापरू देतात. त्या काळात वीस खऱ्या गिऱ्हाइकांची नोंद करा आणि जुनी वहीही चालू ठेवा. महिन्याअखेर दोन्हींचा मेळ घाला. मेळ बसला तरच पैसे भरा. यात घरातील ज्या बाईच्या हाती खरा व्यवहार आहे, तिचे मत शेवटचे माना.

निरोप पाठवण्यापूर्वी गिऱ्हाइकाची परवानगी घ्या. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीला महत्त्व दिले आहे. 'नको' म्हणणाऱ्याचे नाव यादीतून लगेच काढा. रोज उठून निरोप धाडणारा गुऱ्हाळवाला कोणालाच आवडत नाही.

शेवटी सॉफ्टवेअर गूळ गोड करत नाही. पण ज्याला गोड लागला त्याची आठवण ठेवते, आणि ती आठवण घरातील एकाच माणसाच्या डोक्यात न राहता साऱ्या घराची होते. धंदा पुढच्या पिढीच्या हाती द्यायचा तर एवढे हवेच.