गाडीचा धूर आणि कामकऱ्याची छाती

कामगार संघटनेच्या माणसाने इंजिनावर बोलावे, याचे काहींस नवल वाटेल. परंतु ज्या यंत्रावर चार घरे जगतात ते समजून घेणे, हाही आम्ही संघटनेच्या कामाचाच भाग मानतो.

सोलापूर-तुळजापूर मार्गावर पगारी चालक असलेला आमचा एक मित्र आहे. त्याच्या हातची डिझेल गाडी घाटात दम टाकू लागली, काळा धूर ओकू लागली. गॅरेजवाला म्हणाला, "ईजीआर बिघडलाय, पत्रा लावून बंद करू, स्वस्तात काम होईल." मालक म्हणाले, "स्वस्तातलेच करा. जास्तीचा खर्च पगारातून कापीन."

हा ईजीआर आहे तरी काय? हवेत सुमारे 78 टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत त्याचा ऑक्सिजनशी संयोग होऊन छातीस जाचणारे वायू बनतात. म्हणून जळून गेलेल्या वायूचा थोडा भाग एका झडपेतून पुन्हा इंजिनात सोडतात. त्यात ऑक्सिजन कमी असल्यामुळे ज्वाळेची उष्णता उतरते. ती झडप म्हणजे ईजीआर व्हॉल्व्ह.

काजळीचे कीट बसून ही झडप अडकते. उघडी अडकली, तर ताजी हवा कमी पडते. गाडीचा जोर जातो, काळा धूर येतो. मिटलेली अडकली, तर धूर दिसत नाही, पण विषारी वायू वाढतो. पत्रा लावणे म्हणजे एक रोग घालवून दुसरा कायमचा करणे होय! पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा मोजतात, हे वायू मोजत नाहीत. तेव्हा दाखला मिळतो आणि दोष राहतो. 2015 साली अमेरिकेत फोक्सवॅगनची लबाडी उघडी पडली, ती याच वायूंबाबत.

मग करावे काय? आधी एअर फिल्टर पाहावा. काळा धूर त्यानेही येतो. इंजिन थंड झाल्यावर झडप उतरवावी, वायरी व नळ्या तपासाव्या, नाकास फडके बांधून कीट काढावे, नवे गॅस्केट घालावे. तरीही झडप हलत नसेल, तर नवी बसवावी.

आम्ही मालकांपाशी बसून हेच समजावले. झडप साफ झाली, खर्च मालकांनी सोसला, पगार शाबूत राहिला.

पत्र्याने वाचलेला पैसा गॅरेजातल्या पोराच्या, स्टँडवरच्या चहावाल्याच्या छातीतून वसूल होतो. तो हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नाही. म्हणून तो आपणच ठेवला पाहिजे.