जाहिरात जपून ठेवा

दसरा ते भाऊबीज या दिवसांत घरोघरी मोठी खरेदी होते. कुणी दुचाकी घेतं, कुणी टीव्ही, कुणी पाडव्याच्या मुहूर्तावर फ्लॅटचं बुकिंग करतं. बिल आणि वॉरंटी कार्ड आपण कपाटात नीट ठेवतो. पण ज्या जाहिरातीवर विसंबून पैसे मोजले, ती रद्दीत जाते किंवा मोबाइलवरून पुसली जाते. पुढे वाद झाला आणि ‘आम्ही असं म्हटलंच नव्हतं’ असं उत्तर आलं, की ग्राहकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून बिलाइतकीच जाहिरातही जपायला हवी. कायद्याच्या दृष्टीने ती पुरावा असते.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच दिली आहे. वस्तूचं खोटं वर्णन, खोटी हमी आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं, हे सगळं तिच्यात येतं. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांनी ‘अटी लागू’ या पळवाटेलाही आळा घातला. अट ठळक दिसली पाहिजे, दावा ज्या भाषेत त्याच भाषेत असली पाहिजे आणि मूळ दाव्याच्या विरोधात जाता कामा नये.

रॅपिडोचं प्रकरण याचं बोलकं उदाहरण आहे. ‘पाच मिनिटांत ऑटो, नाहीतर 50 रुपये’ असं या कंपनीचं आश्वासन होतं. प्रत्यक्षात रोख पैसे नव्हतेच. 50 पर्यंत ‘कॉइन्स’ मिळत, तेही सात दिवसांत आणि फक्त बाइकच्या फेरीसाठी वापरायचे. अटी वाचताही येणार नाहीत इतक्या बारीक अक्षरांत होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला 10 लाखांचा दंड केला आणि वंचित ग्राहकांना पैसे परत करायला सांगितलं.

हे प्राधिकरण सर्व ग्राहकांच्या वतीने कारवाई करतं. पहिल्या वेळी 10 लाखांपर्यंत, पुन्हा तीच चूक केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरातीत झळकणारे कलाकार आणि खेळाडूही सुटत नाहीत. दाव्याची शहानिशा न करता वस्तूची भलामण केली, तर त्यांनाही दंड होतो आणि अशा जाहिराती करण्यावर एक वर्षाची, पुढच्या वेळी तीन वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. दाद मागण्याची सुरुवात 1915 या राष्ट्रीय हेल्पलाइनवर करता येते.

स्वतःची भरपाई हवी असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावं. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल, तर तक्रार इथेच चालते; पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. वकील सक्तीचा नाही, मात्र दोन वर्षांची मुदत पाळावी लागते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागल्यास पाच महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, म्हणून कागद पहिल्याच दिवशी पक्के असावेत.

घराच्या बाबतीत तर जाहिरातीचं मोल फार मोठं. नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्रमांक असावाच लागतो आणि ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्रात क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन करून प्रकल्पाची नोंद स्वतः पाहावी. माहितीपत्रकातला किंवा नमुना फ्लॅटमधला खोटा दावा खरा मानून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर रेरा कायद्याच्या कलम 12 नुसार भरपाई मिळते. व्यवहारातून बाहेर पडायचं ठरवलं, तर सगळी रक्कम व्याजासह परत मागता येते.

मधुमेह किंवा कर्करोग हमखास बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात दिसली, तर कुणी फसण्याची वाट पाहू नका. अशा जाहिरातींना 1954 च्या कायद्यानेच मनाई आहे. लगेच अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

सत्तरच्या दशकात बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ उभारली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. तेव्हा ग्राहकासाठी वेगळा कायदाही नव्हता. आज कायदा आहे, आयोग आहेत, हेल्पलाइन आहे. उणीव आहे ती तक्रार करणाऱ्यांची. पन्नास रुपयांसाठी कोण भांडणार, या आपल्या विचारावरच खोट्या जाहिरातींचा धंदा चालतो. यंदा खरेदीला जाल तेव्हा जाहिरातीचा तारखेसह फोटो काढा, माहितीपत्रक बिलाला जोडा आणि फसवणूक झाली तर रक्कम लहान म्हणून सोडून देऊ नका.