विश्लेषण : पाण्यात भिंगाची ताकद का घटते? नखाएवढे समुद्री जीव डायव्हर शोधतात कसे?

देवमासा, शार्क किंवा कासव पाहण्यासाठी स्कुबा डायव्हिंग करणारे अनेक असतात. पण एकाच दगडासमोर अर्धा तास थांबून हातातल्या भिंगातून दोन सेंटीमीटरचा जीव शोधणाऱ्यांची संख्याही कमी नाही. मात्र घरातले भिंग समुद्रात नेले तर ते जवळपास निकामी ठरते. असे का होते, आणि या छंदात कोणती काळजी घ्यावी लागते, याविषयी…

भिंगाने पाहण्यासारखे असते काय?

सर्वात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे पिग्मी समुद्री घोडा. न्यू कॅलेडोनिया या प्रशांत महासागरातील बेटावर १९६९ मध्ये जॉर्ज बार्जिबाँ हे मत्स्यालयासाठी समुद्रपंखे (सी फॅन) गोळा करत होते. पाण्याबाहेर काढलेल्या पंख्याचे निरीक्षण करताना त्यांना त्यावर चिमुकले समुद्री घोडे आढळले. पाण्यात असताना ते लक्षात आलेच नव्हते. पुढच्याच वर्षी या प्रजातीला ‘हिप्पोकॅम्पस बार्जिबांती’ असे नाव मिळाले. या प्राण्याची लांबी दोन सेंटीमीटरच्या आसपास असते आणि अंगावरच्या गाठी पंख्याच्या मिटलेल्या पॉलिपसारख्याच दिसतात. त्यानंतर ‘डेनिस’ (२००३), ‘सातोमी’ (२००८), ‘नालू’ (२०२०) अशा आणखी छोट्या प्रजाती नोंदवल्या गेल्या. याशिवाय कवच नसलेल्या रंगीत समुद्री गोगलगायी, तांदळाएवढी कोळंबी, छोटे खेकडे अशी यादी मोठी आहे.

‘मक डायव्हिंग’ म्हणजे काय?

मक म्हणजे चिखल, गाळ. प्रवाळाच्या रंगीत बागांऐवजी गाळाच्या किंवा काळ्या वाळूच्या तळाशी असे जीव शोधण्याला ‘मक डायव्हिंग’ म्हणतात. इंडोनेशियातील लेंबेहची सामुद्रधुनी आणि फिलिपाइन्समधील अनिलाव ही त्यासाठीची नावाजलेली ठिकाणे. या दोन देशांत मक डायव्हिंगच्या पर्यटनातून वर्षाला १५ कोटी डॉलरहून अधिक उलाढाल होते, असा अंदाज २०१७ मधील एका अभ्यासात मांडण्यात आला. ज्या तळाकडे पूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, त्यावर आज गावेच्या गावे पोट भरतात.

साधे भिंग पाण्यात का चालत नाही?

उत्तर दहावीच्या विज्ञानात आहे. बहिर्वक्र भिंग प्रकाश वळवते, कारण हवा आणि काच यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असतो. हवेचा अपवर्तनांक साधारण १, तर काचेचा सुमारे १.५. पाण्याचा मात्र १.३३ आहे. म्हणजे पाण्यात बुडवलेल्या काचेभोवती जवळपास तिच्यासारखेच माध्यम असते आणि प्रकाश फारसा वळत नाही. हिशेब केला तर साध्या काचेच्या भिंगाचे नाभीय अंतर पाण्यात सुमारे चौपट होते. हवेत २५ सेंटीमीटर नाभीय अंतर असलेले भिंग पाण्यात जवळपास एक मीटरचे होते. त्यातून मोठे काय दिसणार?

मग उपाय काय?

उपाय एकच : भिंगाच्या वक्र बाजूला हवा मिळवून द्यायची. पाण्यासाठी खास बनवलेल्या काही भिंगांत आतमध्ये हवेची बंद पोकळी असते. पाण्याला लागणारी बाहेरची बाजू सपाट आणि वक्र बाजू आत, हवेत. त्यामुळे ताकद टिकते. दुसरा मार्ग चाळिशी लागलेल्यांच्या सोयीचा आहे. वाचण्याच्या चष्म्याच्या नंबरचे छोटे भिंग मास्कच्या काचेच्या आतल्या बाजूला, खालच्या भागात चिकटवता येते. मास्कमध्ये हवाच असल्याने ते पूर्ण क्षमतेने काम करते. सपाट काचेच्या मास्कमधून पाण्यातल्या वस्तू मुळातच साधारण एकतृतीयांशाने मोठ्या भासतात, हा वेगळा फायदा.

भिंगासोबत टॉर्चही लागतो. पाणी लाल रंग सुरुवातीच्या काही मीटरमध्येच शोषून घेते. त्यामुळे लाल पंख्यावरचा लाल समुद्री घोडा खोलवर करडा दिसतो. उजेड टाकल्यावरच खरा रंग कळतो.

भिंग असले की जीव सापडतो का?

नाही. भिंगातून दिसणारे क्षेत्र लहान असते, त्यामुळे शोध आधी डोळ्यांनीच घ्यावा लागतो. कोणता जीव कशावर राहतो, हे ठाऊक असणे महत्त्वाचे. बार्जिबांती हा ‘म्युरिसेला’ जातीच्या समुद्रपंख्यावरच शोधायचा. म्हणून अनुभवी गाइड आधी घर शोधतात, मग घरमालक. भिंग येते ते खात्री करण्यासाठी आणि बारकावे पाहण्यासाठी.

धोका कोणाला?

आधी त्या जिवाला. प्रौढ पिग्मी समुद्री घोडा सहसा एकाच पंख्यावर आयुष्य काढतो. तो पंखा मोडला तर त्याचे घरच गेले. जवळून पाहण्याच्या नादात तळावर गुडघे टेकणे, फिनचा फटका बसणे, फोटोसाठी जिवाला काडीने वळवणे हे प्रकार घडतात. छोट्या माशांवर फ्लॅशपेक्षा अशा हाताळणीचा परिणाम अधिक होतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले.

दुसरा धोका पाहणाऱ्याला. भिंगात डोके घातले की सिलिंडरमधली हवा, खोली आणि सोबतचा डायव्हर यांचा विसर पडतो. बार्जिबांती बहुधा १५ मीटरपेक्षा खोल सापडतो आणि तिथे थांबण्याच्या वेळेला मर्यादा असते. पाण्यात स्थिर तरंगता येत नसेल, तर भिंग हाती न घेतलेलेच बरे.

महाराष्ट्रात हे शक्य आहे का?

मालवण-तारकर्लीला स्कुबाची सोय आहे. पाणी गढूळ असले तरी हातभर अंतरावरचे बारीक जीव दिसू शकतात. पण भिंगासाठी डायव्हिंगच हवे असे नाही. ओहोटीला खडकाळ किनाऱ्यावर उथळ डबकी उरतात. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा निरीक्षण फेऱ्या काढतो. इथे घरातलेच भिंग चालते. फक्त ते पाण्यात न बुडवता पाण्यावर, हवेत धरायचे. भिंगाच्या दोन्ही बाजूंना हवा असल्याने त्याची ताकद शाबूत राहते.

समुद्री घोडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणे, विकणे हा गुन्हा आहे. त्यामुळे डबक्यात एखादा दिसलाच, तर त्याला बाटलीत किंवा ओंजळीत न घेता आहे तिथेच पाहावे.