मावळांतील देवराया व नगरवासी

भोर व वेल्हें हा प्रदेश जुन्या व्यवस्थेंत गुंजण मावळ, हिरडस मावळ, रोहिडखोरें इत्यादि मावळांत मोडत असे. राजगड व तोरणा या दुर्गांमुळें तो अभ्यासकांस सुपरिचित आहे. जेधे शकावलीहि याच भागांतील कारीच्या जेधे देशमुखांच्या संग्रहांतून उजेडांत आली. तथापि याच डोंगरांतील देवराया हेंहि एक ऐतिहासिक साधन आहे, इकडे वाचकांचें लक्ष वेधणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नांवें राखलेलें रान. तेथें कुऱ्हाड चालवावयाची नाहीं, वाळलेलें लांकूडहि घरीं न्यावयाचें नाहीं, असा सामान्य निर्बंध. गांवास निकड पडलीच तर देवीचा कौल घेऊन झाड तोडीत. अशा राईंत बहुधा एखादा झरा, गारंबीसारखी महावेल आणि उघड्यावरच मांडलेले देव आढळतात. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनीं १९७० नंतरच्या दशकांत महाराष्ट्रांतील देवरायांची पाहणी करून त्यांची यादी १९८१ सालीं प्रसिद्ध केली.

पुणें शहराचा या रानाशीं संबंध प्रथम पाण्याचा. आंबी नदीवरील पानशेतचें धरण १२ जुलै १९६१ रोजीं फुटून शहरांत हाहाकार झाला. पुढें तें पुन्हा बांधण्यांत आलें, व आज शहर त्याचेंच पाणी पितें. धरणाबरोबर रस्ते आले, रस्त्यांमागून कोळशाचे व्यापारी आले आणि डोंगरउतार उघडे पडले. अशा स्थितींत ज्या राया टिकल्या त्या केवळ देवाच्या धाकानें. आतां नगरवासी सुटीच्या दिवशीं गड पाहण्यास येतात, कित्येक जमीनहि विकत घेतात. त्यांस राई दिसते ती एक तर आपोआप वाढलेलें रान म्हणून, नाहीं तर मोकळी पडलेली जागा म्हणून. या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. राई ही गांवानें पिढ्यान्‌पिढ्या पाळलेल्या कराराची खूण आहे. शहरांत नोकरीस गेलेल्या गांवकऱ्यांच्या वर्गणींतून जीर्णोद्धार होतो, तेव्हांहि सभोंवारचीं झाडें तोडलीं जाऊन जुने वीरगळ बाजूस पडतात. तेथें श्रद्धा राहते, करार मात्र मोडतो.

भोर संस्थान १९४८ सालीं विलीन होईपर्यंत यांतील बऱ्याच गांवांचा कारभार पंतसचिवांकडे होता. यास्तव या भागांतील महजर, चकनामे व इनामपत्रें ज्यांच्या संग्रहीं असतील, त्यांनीं त्यांतील व्यक्तिनामें व तिथि टिपून थांबूं नये. चतुःसीमेंत आलेलीं झाडें, ओढे, धोंडे व देवस्थानें हींहि उतरून घ्यावीं आणि शक्य तर स्थळीं जाऊन पडताळावीं. कागदांतील सीमा व भूमीवरील राई यांचा मेळ बसल्यास राईची प्राचीनता सिद्ध होईल, आणि ज्या गांवास ती राखावयाची आहे त्याच्या हातीं लेखी आधार येईल. कागद जीर्ण झाला तरी त्याची नक्कल करतां येते. तुटलेल्या राईची करतां येत नाहीं.