ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा

श्रावणातील तिसरा सोमवार आला की त्र्यंबकेश्वरच्या वाटा ‘बम् बम् भोले’च्या गजराने दुमदुमतात. नाशिकहून सुमारे २८ किलोमीटरवरील या ज्योतिर्लिंगाचे दर्शन घेऊन भाविक ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा करतात. सुमारे २० किलोमीटरची ही वाट म्हणजे पायांनी करावयाचा जपच होय.

गौतम ऋषींना गोहत्येचा दोष लागला. तो फेडण्यासाठी त्यांनी ब्रह्मगिरीवर तप केले आणि शंकराच्या जटेतून गंगा अवतरली. ती पुन्हापुन्हा गुप्त होऊ लागताच ऋषींनी कुशांचे वेढे घालून तिला थोपविले. तेच कुशावर्त तीर्थ. ऋषींनी जळाला कुशांचा वेढा घातला, आपण पर्वताला पावलांचा घालतो. याच प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने ताटातूट झाली असता निवृत्तिनाथांना गुहेत गहिनीनाथ भेटले, असे संप्रदाय सांगतो. निवृत्तिनाथांची समाधीही येथेच आहे.

कुशावर्तात स्नान करून पहाटेच निघावे. प्रयागतीर्थ मागे टाकून पहिन्याकडे वळले की उजव्या हाताला कड्यांवरून धबधबे कोसळताना दिसतात. भाताची खाचरे हिरवीगार झालेली असतात, बांधावर तेरडा फुललेला असतो. माथ्यावर पाय न ठेवता पर्वताला अखंड उजवीकडे ठेवून चालावयाचे, हाच ‘प्रदक्षिणा’ या शब्दाचा अर्थ.

सुमारे १,३०० मीटर उंचीचा हा गिरी लाव्हारसाच्या थरांवर थर साचून घडला. पावसाचे पाणी खडकांच्या भेगांत मुरते आणि झऱ्यांच्या रूपाने बाहेर येते. येथे उगम पावणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. याच डोंगररांगेत उगवणारी वैतरणा मात्र पश्चिमेस अरबी समुद्राकडे जाते. तिच्यावरील धरणांचे पाणी मुंबईकरांच्या घरोघरी पोहोचते. म्हणजे देवघरातील कलशापर्यंत या डोंगरांची कृपा आहे.

म्हणूनच एक गोष्ट आम्ही हात जोडून सांगतो. यात्रेनंतर वाटेच्या कडेला उरणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या, बाटल्या आणि द्रोण ओढ्यांत उतरतात. दोष फेडण्यासाठी आणलेल्या गंगेच्या माथ्यावरच आपण नवा दोष ठेवावा काय? शिदोरी फडक्यात बांधून न्यावी, पाणी तांब्यात किंवा फिरकीच्या डब्यात घ्यावे, उरलेसुरले आपल्याच झोळीत परत आणावे. वृद्धांनी व लहान मुलांसह जाणाऱ्यांनी गर्दीचा सोमवार टाळून दुसरा दिवस निवडला तरी पुण्य उणावत नाही. निसरड्या कड्यांपाशी मात्र कोणीही धाडस करू नये.

ज्या वाटेवर आपल्या पावलांखेरीज काही मागे उरले नाही, तीच प्रदक्षिणा त्र्यंबकराजाच्या चरणी रुजू होते. सर्वांची वाट निर्विघ्न होवो!