कुऱ्हाड कोणाच्या हाती?

जंगल वाचवायचे की लाकूड तोडायचे, असा वाद शहरातील विद्वान मंडळी नेहमी घालतात. आमच्या मते हा वादच चुकीचा मांडला जातो. लाकूड सर्वांनाच लागते. घराला लागते, खाटेला लागते, चितेलाही लागते. खरा प्रश्न असा आहे की, कोणते झाड तोडायचे आणि कोणते राखायचे, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा?

महाराष्ट्र वनविकास महामंडळ १९७४ साली स्थापन झाले. मोह, तेंदू, ऐन, धावडा असे मिश्र जंगल साफ तोडायचे आणि तेथे सागाच्या रांगा लावायच्या, याला 'विकास' म्हटले गेले. कागदावर जंगल कायम राहिले. मोहफुले वेचणाऱ्या बाईसाठी मात्र ते संपले. बांबूचेही तेच. कागद गिरण्यांना तो सवलतीच्या दराने, लांब मुदतीच्या कराराने मिळत गेला. ज्याचे पोट सूप-टोपल्यांवर चालते, त्या बुरड बांधवाला मात्र चार बांबूंसाठी वनखात्याच्या दारी उभे राहावे लागले. हा कुठला समतोल?

१९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने स्पष्ट सांगितले होते की, कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांच्या साहाय्याने पिकवावा. नैसर्गिक जंगलावर हात टाकू नये. लाकूड उद्योगाला आमचा विरोध नाही. त्याने शेताच्या बांधावरचे लाकूड रास्त भावाने घ्यावे. २०१७ पासून जंगलाबाहेरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे ही वाट आणखी सोपी झाली आहे.

आणि जंगलातले काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानून त्यावर गावाचा हक्क मान्य केला. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू वाहून नेण्याचा परवाना ग्रामसभेच्या हाती यायला २७ एप्रिल २०११ उजाडावे लागले! चंद्रपूरच्या पाचगावला २०१२ साली हक्क मिळाला. तेथील लोक बांबू विकून कमावतात. परंतु तेंदूपानासाठी झाडे छाटली जातात, आगी लावल्या जातात, म्हणून ते उत्पन्न त्यांनी स्वतःहून सोडले. कोवळा बांबू राखून पक्का तेवढाच तोडावा, हे मालकाला सांगावे लागत नाही. बांबूचे बेट मेले तर पुढच्या वर्षी आपलीच चूल विझेल, हे त्याला ठाऊक असते. कंत्राटदाराला पुढच्या वर्षाची काय फिकीर?

मात्र या कायद्यात एक मेख आहे. आदिवासी नसलेल्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या शाळा आणि सातबारा दोन्ही नाकारले, त्याने कागद आणायचे कुठून? कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४-६५ साली भूमिहीनांनी तुरुंग भरले, ते पडीक जमीन कसणाऱ्यालाच मिळावी यासाठी. त्यांच्या नातवंडांना आज पुन्हा पुरावा मागितला जात आहे.

परंतु नियमांनुसार गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा ठरतो, हे किती जणांना माहीत आहे? जंगलालगतच्या गावांतील आपल्या बांधवांनी ग्रामसभेत बसावे, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्यावेत, आदिवासी बांधवांच्या बरोबरीने दावे दाखल करावेत. जंगल राखणाऱ्यालाच जंगलाचे उत्पन्न मिळेल, तेव्हाच जंगलही टिकेल आणि लाकूडही मिळत राहील.