जुनी गाडी, नवे ब्रेक – लेखांक ९ : परतीच्या नळीची अडवणूक

हायड्रॉलिक ब्रेक बूस्टर पायाला लागणारी मदत हवेच्या दाबाकडून न घेता पॉवर स्टिअरिंगच्या तेलाकडून घेतो. बेंडिक्स कंपनीने १९७० च्या दशकात तो ‘हायड्रोबूस्ट’ या नावाने अमेरिकी गाड्यांवर आणला, आणि आजही तिथल्या गॅरेजांत सगळे त्याला याच नावाने ओळखतात. एक टनी पिकअप, डिझेल इंजिनाचे ट्रक, शेवरोले ॲस्ट्रो व्हॅन, १९९६ ते २००४ या वर्षांतली फोर्ड मस्टँग जीटी या गाड्यांवर तो कारखान्यातूनच बसून येत असे. त्यामुळे भंगारात तो सहज सापडतो. तिथून तो निघतो आणि एखाद्या हौशी माणसाच्या सत्तरच्या दशकातल्या शेवरोले सी-१० वर किंवा फोर्ड ब्रॉन्कोवर चढतो. बसवण्याचे काम एका शनिवार-रविवारी उरकते. तक्रारी मात्र सोमवारपासून सुरू होतात : ब्रेक चिकटतात, पेडल दगडासारखे लागते, स्टिअरिंग कण्हते. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी बूस्टर खोलण्याकडे जातो, आणि दहापैकी बऱ्याच वेळा बूस्टर निर्दोष असतो.

हा बदल करावासा का वाटतो, ते एका हिशेबात कळते. जुना व्हॅक्यूम बूस्टर म्हणजे पत्र्याचा मोठा डबा. त्यातल्या पडद्याच्या एका बाजूला इंजिनाने ओढलेली पोकळी असते आणि दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. डब्याचा व्यास ११ इंच धरला तर क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच होते. मॅनिफोल्डमध्ये पाऱ्याच्या १८ इंचांइतकी पोकळी असेल, तर दर चौरस इंचाला जवळजवळ ९ पौंड, म्हणजे एकूण साडेआठशे पौंडांच्या आसपास जोर मिळतो. इंजिनात तेज कॅमशाफ्ट घातला की आयडलवर ही पोकळी १० इंचांवर येते आणि जोर निम्म्याच्या थोडा वर उरतो. डिझेल इंजिनात हवा अडवणारी थ्रॉटलची झडपच नसते, म्हणून तिथे पोकळी मिळतच नाही. भारतातल्या अनेक डिझेल जीप-टेम्पोंत आल्टरनेटरच्या शेपटीला छोटा व्हॅक्यूम पंप जोडलेला दिसतो, तो याचसाठी. याउलट स्टिअरिंगचा पंप दर चौरस इंचाला हजार पौंड आणि त्याहूनही अधिक दाब सहज देतो, त्यामुळे जेमतेम मुठीएवढ्या पिस्टनवर त्याचे काम भागते.

तक्रार समजून घ्यायची तर तेलाची वाट डोळ्यांपुढे हवी. पंपातून निघालेले तेल आधी बूस्टरमध्ये जाते. कोणी ब्रेक दाबलेला नसेल तेव्हा ते आतल्या स्पूल व्हॉल्व्हला वळसा घालून दुसऱ्या दाबनळीने स्टिअरिंग गिअरकडे निघून जाते. पेडल दाबले की स्पूल किंचित सरकतो, तेलाची वाट अरुंद होते, दाब चढतो आणि हे दाबाखालचे तेल मागच्या पिस्टनवर लोटते. पिस्टन मास्टर सिलिंडरला ढकलतो. पाय काढला की पिस्टनमागचे तेल तिसऱ्या, बारीक नळीने टाकीत परत जायला मोकळे होते. म्हणजे बूस्टरला तीन नळ्या असतात : दोन दाबाच्या आणि एक परतीची. परतीच्या नळीत दाब नसतो, म्हणून तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. बदलानंतरच्या तक्रारींचे मूळ मात्र बहुतेकदा तिथेच असते.

पाने हातात घेण्याआधी एक चाचणी करून घ्यावी, तिला दोन मिनिटेही लागत नाहीत. इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा पूर्ण दाबावे, म्हणजे बूस्टरमध्ये साठलेला दाब संपतो आणि पेडल कडक होते. मग पाय हलकाच टेकवून ठेवावा आणि इंजिन सुरू करावे. बूस्टर चालत असेल तर पेडल आधी पायाखालून थोडे खाली सरकते आणि लगेच पायाला उलटा धक्का देत वर येते. हा खाली-वर झोका मिळाला तर बूस्टरचे आतले काम ठीक आहे असे मानून दोष बाहेर शोधावा. झोका मिळाला नाही, तर बूस्टरवर ठपका ठेवण्याआधी पंप, पट्टा आणि नळ्यांची अदलाबदल झाली आहे का, हे पाहावे. पंपाची आणि गिअरची नळी उलट लागणे ही चूक वाटते तितकी दुर्मीळ नाही.

सर्वांत जास्त छळणारी तक्रार म्हणजे ब्रेक न सुटणे. गाडी चार-पाच किलोमीटर चालते, मग जड वाटू लागते आणि चाकाजवळ हात नेला तर झळ लागते. इथे पहिला प्रश्न एकच : ब्रेक इंजिन चालू असतानाच पकडतो, की बंद असतानाही? पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून हाताने फिरवली की उत्तर मिळते. इंजिन बंद असताना चाक सैल फिरते, चालू केल्यावर जड होते आणि पेडल आपोआप किंचित खाली गेलेले दिसते, अशी स्थिती असेल तर दोष तेलाच्या परतीत आहे.

उदाहरण म्हणून ५.७ लिटर व्ही-८ इंजिनाची एखादी सी-१० घ्यावी. तिच्या मूळ पंपाच्या टाकीला परतीचे एकच तोंड असते, कारण तिला आधी फक्त स्टिअरिंगचे तेल परत घ्यायचे होते. आता परतीच्या नळ्या दोन झाल्या. सोपा उपाय म्हणून बाजारातला पितळी टी-जोड आणून दोन्ही नळ्या एकत्र केल्या जातात, आणि पुढे वाटेत तेल थंड करणारा छोटा कूलरही जोडला जातो. गिअरमधून येणारा तेलाचा मोठा प्रवाह त्या टी-मध्ये सतत घुसत राहतो. कूलरच्या बारीक नळीतून तो रेटून जाताना मागे थोडा दाब उरतो, आणि टी-च्या दुसऱ्या तोंडातून तोच दाब बूस्टरच्या पोटात पोहोचतो. पिस्टनचे क्षेत्रफळ २ चौरस इंच आणि उरलेला दाब ५० पौंड धरला, तरी मास्टर सिलिंडरवर कोणाचाही पाय नसताना १०० पौंडांचा रेटा येतो. आतली स्प्रिंग त्याला बरेचसे थोपवते, पण पेडल आळसावल्यासारखे सावकाश वर येते आणि पॅड डिस्कला घासत राहतात. तेल थंड आणि घट्ट असते तेव्हा सकाळी हे जास्त जाणवते. गॅरेजात दुपारी तपासणी केली की गाडी शहाण्यासारखी वागते. मालक आणि मेकॅनिक यांचे वाद इथूनच सुरू होतात.

खात्री करणे सोपे आहे. बूस्टरची परतीची नळी टी-मधून काढून एका स्वच्छ बाटलीत सोडावी, टी-चे तोंड बुचाने बंद करावे, टाकी भरलेली ठेवावी आणि इंजिन काही सेकंदच आयडलवर चालवावे. चाक आता सैल फिरले तर निदान पक्के. कायमचा इलाज म्हणजे टाकीला परतीचे दुसरे तोंड बसवणे किंवा दोन तोंडांचीच टाकी आणणे. हायड्रोबूस्टच्या ट्रकांवर कारखान्यानेच तशी टाकी दिलेली असते, त्यामुळे भंगारातून बूस्टर आणताना तिकडचा पंपही उचलावा हे शहाणपणाचे. टी ठेवायचाच असेल तर तो कूलरच्या पुढे, टाकीला अगदी लागून असावा. बूस्टरची परतीची नळी ३/८ इंचाची असावी, वळणावर पिळलेली नसावी आणि तिच्या वाटेत फिल्टर वगैरे काही नसावे.

इंजिन बंद असतानाही चाक अडकत असेल तर मामला वेगळा. मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट तीन-चार आटे सैल करून सिलिंडर थोडा पुढे ओढावा. चाक सुटले तर बूस्टर आणि सिलिंडर यांच्यामधला पुशरॉड लांब आहे. तो सिलिंडरच्या पिस्टनला पूर्ण मागे येऊ देत नाही आणि बारीक भरपाई-छिद्र झाकलेलेच राहते. ब्रेक ऑइल तापून फुगते, पण त्याला टाकीत परत जायला जागा नसते, म्हणून दर ब्रेकिंगनंतर पकड वाढत जाते. रॉड आणि पिस्टन यांच्यात नखभर मोकळीक हवी. वेगवेगळ्या गाड्यांचे बूस्टर आणि सिलिंडर जुळवताना ही मोकळीक न मोजता नट आवळले जातात. नट सैल करूनही चाक सुटले नाही, तर त्या चाकाचे ब्लीडर निपल उघडावे. निपलातून तेलाची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब नळीत कोंडला आहे : आतून सुजलेला रबरी होज, किंवा डिस्क ब्रेकच्या नळीत राहून गेलेला ड्रमचा १० पौंडांचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह. चाक तरीही सुटले नाही तर कॅलिपरच गंजला आहे, आणि तिथे बूस्टरचा काहीच संबंध नाही.

पेडल कडक लागण्याची तक्रार याच्या अगदी उलट, आणि तिच्यामागे बऱ्याचदा आकड्यांचा गोंधळ असतो. बूस्टर ताकदवान आहे म्हटल्यावर त्याच्यासोबत मोठा मास्टर सिलिंडर घालण्याची हौस असते. १ इंच बोअरचे क्षेत्रफळ ०.७८५ चौरस इंच, सव्वा इंचाचे १.२२७. तितक्याच जोरात सव्वा इंचाच्या सिलिंडरमध्ये दाब एक तृतीयांशाहून थोडा अधिक घटतो. पेडलचा प्रवास कमी आणि टणक लागतो, त्यामुळे चालवणाऱ्याला ‘ब्रेक घट्ट झाले’ असे वाटते, पण गाडी मात्र उशिरा थांबते. बूस्टर निकामी झाला तर हाच सिलिंडर नुसत्या पायाने दाबणे किती अवघड होईल, याचा विचार हौसेच्या भरात होत नाही. कॅलिपरला लागणारे तेल पुरवेल इतकाच सिलिंडर पुरे. सिलिंडर योग्य असूनही पेडल कडक असेल तर पट्टा घसरतो का आणि पंप झिजला आहे का, हे पाहावे. याची ओळख गाडी उभी करताना होते. आयडलवर चाके पूर्ण वळवत असतानाच ब्रेक दाबावा. पेडल क्षणभर घट्ट झाले किंवा स्टिअरिंग एकदम जड झाले, तर एकाच पंपाचे तेल दोघांना पुरत नाही आहे.

बसवल्यानंतरचे कण्हणे, शीळ आणि टाकीत उठणारा फेस यांचे कारण जवळजवळ नेहमी तेलातली हवा असते. फार जोरात ब्रेक दाबल्यावर येणारा मंद ‘हिस्स’ आवाज मात्र नैसर्गिक आहे, त्याच्या मागे लागू नये. हवा काढायला पुढची चाके उचलावीत, टाकी भरावी आणि इंजिन पेटू न देता स्टार्टर थोडा थोडा फिरवत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यावे. मग इंजिन सुरू करून तेच करावे, मधेमधे पेडल दाबत. तेल दुधाळ झाले तर थांबावे आणि गाडी तासभर तशीच ठेवावी. घाईने पुन्हा पुन्हा इंजिन चालवल्यास हवेचे बुडबुडे आणखी बारीक होतात आणि तेलातच मुरून बसतात.

गळतीत रंग उपयोगी पडतो. बूस्टर आणि मास्टर सिलिंडर यांच्या सांध्यातून लाल तेल टपकत असेल तर ते स्टिअरिंगचे आणि दोष बूस्टरच्या सीलचा. पाणीदार, फिकट पिवळे आणि रंग उचकटणारे असेल तर ते ब्रेक ऑइल आणि दोष सिलिंडरचा. पेडलच्या रॉडवरून कारच्या आत, गालिच्यावर तेल उतरले तर इनपुट सील गेले आहे. दाबनळ्यांचे सांधे गळत असतील तर आटे पाहावेत. जनरल मोटर्सने १९८० च्या सुमारास इन्व्हर्टेड फ्लेअरकडून मेट्रिक आट्याच्या ओ-रिंगकडे मोर्चा वळवला, त्यामुळे जुना पंप आणि नवा बूस्टर जोडताना आट्यांची जोडी जमत नाही आणि नट अर्ध्यावर फसतो.

दोन तेलांची गल्लत ही मात्र साधी चूक नव्हे. ब्रेक ऑइल ग्लायकोलचे, स्टिअरिंगचे तेल खनिज, आणि दोन्हींकडची रबरे वेगळ्या जातीची. चुकून खनिज तेल ब्रेकच्या टाकीत पडले तर पहिली खूण झाकणाच्या रबरी गॅस्केटवर दिसते. ते सुजून झाकणापेक्षा मोठे होते, कडा लाटेसारख्या उठतात, आणि दाबले तर पुन्हा खोबणीत बसत नाही. असे गॅस्केट दिसले की नुसते तेल बदलून भागत नाही. सिलिंडर, कॅलिपर, होज आणि व्हॉल्व्ह यांतली सर्व रबरे बदलणे आणि धातूच्या नळ्या धुणे एवढाच उपाय उरतो.

राहता राहिला ॲक्युम्युलेटर. बूस्टरच्या अंगाला चिकटलेली, नायट्रोजनने किंवा स्प्रिंगने भरलेली ही कुपी इंजिन अचानक बंद पडले, किंवा पट्टा तुटला, तर दोन-तीन वेळा ब्रेक लावता येईल इतका दाब सांभाळून ठेवते. तिची परीक्षा अशी : इंजिन चालू असताना स्टिअरिंग एका टोकाला पाच सेकंदांपेक्षा कमी वेळ टेकवावे, म्हणजे कुपी भरते. इंजिन बंद करावे आणि गाडी तासभर उभी ठेवावी. मग पेडल दाबले असता पहिले दोन-तीन दाब मऊ आणि मदतीचे लागले पाहिजेत. पहिलाच दाब कडक लागला, तर कुपीतली किंवा तिच्या व्हॉल्व्हमधली गळती मानावी आणि ती दुरुस्त होईपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये. कुपी बदलताना किंवा कोणतीही दाबनळी सोडताना, इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबून साठलेला दाब आधी काढून टाकावा. नळीचा नट सैल होताच हजार पौंड दाबाचे तेल तोंडावर येऊ शकते, आणि गॉगल तेव्हा डोळ्यांवर असेल तरच त्याचा उपयोग.